हे शून्य कोणाचे?



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्यापुढे मी पहिल्याने एक आलेख घेऊन उभा राहिलो, तो प्रसंग आज या व्यासपीठावर चढताना माझ्या डोळ्यांपुढे आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरील एका उघड्या पठारावर वायुवेगमापकाने वर्षभर तासातासाला टिपलेल्या ८,७६० आकड्यांना मी एक सुबक, एका बाजूला किंचित कललेली वक्ररेषा बसवली होती. ती त्या आकड्यांच्या अंगावर बेतून शिवलेल्या अंगरख्यासारखी बसली आहे अशी माझी खात्री होती. आणि तिच्या आधारे त्या पठारावरून वर्षाकाठी किती वीज मिळेल याचा हिशेबही मी शेवटच्या युनिटापर्यंत मांडून ठेवला होता. सरांनी आलेखाकडे पाहिलेच नाही. त्यांनी मूळ नोंदवही मागवली, डिसेंबर-जानेवारीची पाने उलटली, पहाटेच्या रकान्यांत एकाखाली एक उभ्या असलेल्या शून्यांवर बोट ठेवले आणि विचारले, ‘हे शून्य कोणाचे? वाऱ्याचे की यंत्राचे?’

मजजवळ उत्तर नव्हते. पुढे पठारावर जाऊन पाहिले तेव्हा उलगडा झाला. वायुवेगमापकाच्या पेल्यांचे चक्र फिरू लागण्यास काही किमान वेग लागतो आणि त्याखालची झुळूक त्या चक्राच्या गावीही नसते. त्यातून त्या यंत्राचे बेअरिंग थंडीने आखडत असल्यामुळे हिवाळ्यातील पहाटे हा किमान वेग आणखी वाढे, आणि हाताला स्पष्ट जाणवणारा वारा वाहत असतानाही नोंदवहीत शून्य उमटे. म्हणजे माझ्या साक्षीदारांपैकी कित्येकांनी, जे आपण पाहिलेच नाही त्याची जबानी दिली होती, आणि मी तिच्यावर निकालपत्र लिहून मोकळा झालो होतो. त्या दिवसापासून आजपर्यंत, वाऱ्याच्या, पावसाच्या, उन्हाच्या आणि विजेच्या आकड्यांना संभाव्यतेची वितरणे बसवण्यातच माझे आयुष्य गेले, आणि त्या सबंध काळात तो एक प्रश्न माझ्या टेबलावरून हललेला नाही. आजच्या व्याख्यानात मला जे सांगावयाचे आहे ते त्याच प्रश्नाचा विस्तार आहे: वक्ररेषा निवडण्यापूर्वी आकड्याचे कुलगोत्र विचारले पाहिजे, आणि त्या रेषेकडून आपल्याला कोणत्या प्रश्नाचे उत्तर हवे आहे हे आधी ठरवले पाहिजे.

वितरण बसवणे म्हणजे काय, हे ज्यांचा या शास्त्राशी संबंध आलेला नाही अशा श्रोत्यांसाठी थोडक्यात सांगतो. एखाद्या ठिकाणची शंभर वर्षांची पावसाची नोंद म्हणजे छत्तीस हजारांहून अधिक आकड्यांचे दप्तर होय. त्या सबंध दप्तराच्या जागी आपण एक गणिती सूत्र आणि त्यातील दोन किंवा तीन प्राचल ठेवतो, आणि असे म्हणतो की, अमुक इतका पाऊस पडण्याचा संभव किती, हे यापुढे त्या सूत्रास विचारावे, दप्तर उघडण्याचे प्रयोजन नाही. हा मोठा लाभाचा व्यवहार आहे, कारण जो पाऊस नोंदीत कधीच पडलेला नाही त्याच्याविषयीही सूत्र बोलू शकते, दप्तर बोलू शकत नाही. परंतु नोंदीपलीकडचे बोलण्याचे हे सामर्थ्य सूत्रास आपणच दिलेले असते, ते पावसाने दिलेले नसते, आणि या व्यवहारातील सारी जोखीम नेमकी तेथे आहे.

काही आकडे या बाबतीत फार सरळ वागतात. संपूर्ण भारताचा जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीने सुमारे ८७ सेंटिमीटर असून त्याचे प्रमाण-विचलन सरासरीच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास आहे, आणि घंटेच्या आकाराची प्रसामान्य वक्ररेषा त्याला पुष्कळच चांगली बसते. कारण हा एक आकडा शेकडो ठिकाणच्या आणि १२२ दिवसांच्या पावसाची बेरीज असतो, आणि अशा मोठ्या बेरजेत उणे-अधिक परस्परांत विरून जाते. २००२ साली १९ टक्के आणि २००९ साली २२ टक्के तूट आली, ती या रेषेवर दोन प्रमाण-विचलनांच्या परिसरात, म्हणजे जेथे क्वचित येणारी वर्षे असावीत तेथेच पडते. मात्र अखिल भारताचा पाऊस कोणाही शेतकऱ्याच्या शेतात पडत नाही. बेरीज मोडून आपण एका गावाच्या, एका दिवसाच्या आणि एका पर्जन्यमापकाच्या पातळीवर उतरलो की घंटा नाहीशी होते.

वाऱ्यापासून आरंभ करतो, कारण सरासरी माणसाला कसे फसवते हे तेथे सर्वांत स्वच्छ दिसते. वाहत्या हवेतील शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते: वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. आता एके ठिकाणी अखंड सहा मीटर प्रतिसेकंद वेगाने वारा वाहतो, आणि दुसरीकडे निम्मा वेळ चार मीटर व निम्मा वेळ आठ मीटर वाहतो, असे समजा. दोन्हींची सरासरी सहाच. परंतु पहिल्या ठिकाणी वेगाचा घन २१६ येतो, तर दुसऱ्या ठिकाणी ६४ आणि ५१२ यांचा मध्य २८८ येतो. सरासरी तीच असून वाऱ्यातील ऊर्जा एकतृतीयांशाने वाढली! अभियंत्यांच्या नित्य वापरात असलेल्या वायबुल वितरणात दोन प्राचल असतात, एक वेगाचे मान सांगणारा आणि दुसरा वक्ररेषेचा आकार सांगणारा. आकाराचा प्राचल दोन असेल तर घनाची सरासरी ही सरासरीच्या घनाच्या १.९१ पट भरते. तो तीन असेल, म्हणजे वारा अधिक एकसारखा असेल, तर सुमारे १.४० पट, आणि दीड असेल, म्हणजे वारा लहरी असेल, तर सुमारे २.७२ पट. एकाच सरासरीच्या दोन टेकड्यांवरील ऊर्जेत जवळजवळ दुपटीचे अंतर पडू शकते, आणि ते अंतर त्या एका आकारवाचक संख्येत दडलेले असते.

या वितरणाचा पूर्वेतिहास मला नेहमीच हृद्य वाटत आला आहे. वालोडी वायबुल हे स्वीडनचे अभियंते. १९५१ साली त्यांनी आपल्या सूत्राची व्यापक उपयुक्तता दाखवणारा जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात त्यांनी ते सूत्र पोलादाच्या ताकदीला, उडत्या राखेच्या कणांना, घेवड्याच्या दाण्यांच्या रुंदीला, ब्रिटिश बेटांत जन्मलेल्या पुरुषांच्या उंचीला आणि, आपल्या दृष्टीने विशेष म्हणजे, भारतीय कापसाच्या तंतूंच्या बळकटीला बसवून दाखवले. वाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. त्या सूत्रामागची कल्पना साखळीची आहे: साखळी तुटते ती तिच्या सर्वांत दुबळ्या कडीशी. त्याच्या आधी, १९२८ साली, रोनाल्ड फिशर आणि टिपेट या दोन इंग्रज संख्याशास्त्रज्ञांनी अनेक आकड्यांतील सर्वांत मोठा अथवा सर्वांत लहान आकडा कोणत्या नियमाने वागतो याचा मूलभूत शोध लावला होता, आणि टिपेट यांची नोकरी होती ब्रिटनच्या कापूसउद्योगाच्या संशोधनसंस्थेत, जेथे सूत कोठे तुटते हाच रोजचा प्रश्न होता. आज आपण टेकडीवरच्या वाऱ्याला आणि शहरावर कोसळणाऱ्या पावसाला ज्या रेषा बसवतो, त्या दोन्हींचे धागे असे कापसाच्या सुताशी जाऊन मिळतात.

परंतु येथे एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. वायबुल यांनी आपल्या सूत्राला निसर्गनियमाचा दर्जा दिला नव्हता. ते अनुभवाला उतरते, म्हणून वापरावे, एवढीच त्यांची भूमिका होती. आपल्याकडे मात्र वाऱ्याचे आकडे हाती आले की मागचापुढचा विचार न करता वायबुल बसवण्याचा प्रघात पडला आहे, आणि सह्याद्रीच्या वाऱ्यावर तर तो उघड अन्याय आहे. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी-वनकुसवडेच्या पठारावर ज्यांनी आषाढ काढला आहे त्यांना ठाऊक आहे की, तेथे वर्षाचा एक वारा नसतो, दोन असतात. मृगापासून मघापर्यंतचा नैर्ऋत्येचा वारा दिवसरात्र एकसारखा आणि बळकट. त्याचे कारण समुद्र आणि खंड यांच्यामधला दाबाचा फरक. उरलेल्या महिन्यांचा वारा दुबळा, दुपारी उठणारा आणि रात्री मावळणारा. त्याचे कारण त्या डोंगराचेच तापणे आणि निवणे. ही दोन कुळे एका पोत्यात घालून त्यांना एकच वक्ररेषा बसवली, तर ती दोघांपैकी कोणाचीही राहत नाही.

उदाहरणादाखल एक काल्पनिक टेकडी घेऊ. पावसाळ्याचे चार महिने सरासरी नऊ मीटर आणि आकार तीन. बाकीचे आठ महिने सरासरी साडेचार मीटर आणि आकार दोन. वर्षाची सरासरी सहाच भरते. आठही महिने आणि चारही महिने एकत्र करून, आकार दोन धरून, एकच रेषा ओढली तर घनाची सरासरी ४१२ येते. दोन कुळे वेगळी ठेवून हिशेब केला तर ४५७ येते. दहा टक्क्यांचा हा फरक कोणी सोसूनही नेईल. परंतु दुसऱ्या हिशेबात आणखी एक गोष्ट दिसते जी पहिल्यात दिसूच शकत नाही: वर्षाच्या ऊर्जेचा सुमारे पाऊण हिस्सा त्या चार महिन्यांतच येतो. वितरण हे स्वभावतःच विसराळू आहे. ते आकडे लक्षात ठेवते, त्यांचा क्रम विसरते. वैशाखातील संध्याकाळी, शहरातील पंखे आणि वातानुकूलन यंत्रे एकाच वेळी चालू असताना, आषाढातला वारा कामास येत नाही, ही गोष्ट वार्षिक वक्ररेषेत कोठेही लिहिलेली नसते.

आपल्या शेतकऱ्याने ही चूक केली नव्हती, हे मला येथे आदराने नमूद करावेसे वाटते. त्याने पावसाची वार्षिक सरासरी कधी काढली नाही. त्याने सूर्याच्या नक्षत्रांप्रमाणे वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडले, आणि मृगाचा, आर्द्रेचा, मघेचा, हस्ताचा अशी प्रत्येक पावसाची खातेवही मनात स्वतंत्र ठेवली. हस्ताच्या पावसाची उणीव आर्द्रेच्या जमेतून वळती करता येत नाही हे तो पुरते जाणून होता. संख्याशास्त्राच्या परिभाषेत याला स्तरीकरण म्हणतात. ज्यांनी १९१५ साली लोणावळ्याच्या तलावांत चार महिन्यांचा पाऊस अडवून खोपोलीच्या वीजगृहातून मुंबईच्या कापडगिरण्यांना बारमाही वीज पोहोचवली, त्यांनीही हाच प्रश्न दगडी भिंतींनी सोडवला. धरण म्हणजे दुसरे काय, पावसाचा क्रम बदलण्याचे साधनच ते. वाऱ्याला असा तलाव नाही, म्हणूनच वाऱ्याच्या आकड्यांतील महिन्यांचा क्रम अधिक काळजीने सांभाळला पाहिजे.

मग रेषा बसवावी कशी? कार्ल पिअर्सन यांच्या पद्धतीत आकड्यांची सरासरी आणि विचलन यांची गाठ सूत्राशी घालून देतात. फिशर यांनी १९२२ साली मांडलेल्या पद्धतीत, हाती आलेले आकडे ज्या प्राचलांमुळे अधिकात अधिक संभवनीय ठरतील ते प्राचल निवडतात. दोन्ही पद्धती प्रतिष्ठित आहेत. परंतु आकड्यांची गर्दी सरासरीच्या आसपास असल्यामुळे दोन्हींचे लक्ष मुख्यतः तिकडेच असते, आणि विजेच्या हिशेबात सरासरीजवळच्या मंद वाऱ्याला किंमत थोडी. तेथे घनाचे राज्य चालते. म्हणून माझ्या उत्तरायुष्यात मी असा रिवाज पाडून घेतला की, ऊर्जेचा अंदाज हवा असेल तर रेषेने वेगाच्या घनाची सरासरी आधी जुळवून दिली पाहिजे, आणि वादळात मनोरा टिकेल का हा प्रश्न असेल तर त्या रेषेला हात न लावता टोकाच्या वाऱ्यांसाठी वेगळी रेषा बसवली पाहिजे. एकाच नोंदवहीला दोन कामांसाठी दोन रेषा बसवणे काही सहकाऱ्यांना अशास्त्रीय वाटे. मला ते अटळ वाटते. कर्ज देणारी बँक प्रकल्पाकडे असा आकडा मागते की ज्याहून अधिक वीज दहांपैकी नऊ वर्षे मिळावी. त्या एका आकड्यावर कर्जाचे हप्ते ठरतात, आणि त्याच्या मुळाशी मापकाच्या एखाद्या आखडलेल्या बेअरिंगने लिहिलेली शून्ये असू शकतात.

या संदर्भात अ‍ॅना मणी यांचे नाव घेतल्यावाचून पुढे जाणे मला प्रशस्त वाटत नाही. केरळातील पीरमेडला १९१८ साली जन्मलेल्या या विदुषी १९४८ साली पुण्याच्या वेधशाळेतील उपकरणविभागात रुजू झाल्या, आणि हवामानमापनाची उपकरणे याच देशात, एका मापाने आणि एका अचूकतेने तयार व्हावीत यासाठी त्यांनी आयुष्य वेचले. निवृत्तीनंतर त्यांनी देशभरच्या सौर प्रारणाच्या नोंदी ग्रंथरूपाने सिद्ध केल्या, आणि १९८३ साली भारतातील वाऱ्याच्या ऊर्जेची सामग्री प्रसिद्ध केली. चुकीचे मापन हे मापनच नसण्याहून वाईट, अशी त्यांची धारणा होती. वितरण बसवणाऱ्यांची नावे पुस्तकांत येतात. ज्यांनी मापक खरा ठेवला त्यांची फारशी येत नाहीत, ही आपल्या शास्त्रातील कृतघ्नता आहे.

उन्हाविषयी एवढेच सांगतो की, स्वच्छ आकाशातून जितके ऊन यावे त्याच्या कोणत्या अंशाने ते प्रत्यक्षात आले, हा आकडा शून्य आणि एक यांच्या आसपास कोंडलेला असतो, आणि त्याच्या आलेखाला बहुधा दोन उंचवटे असतात, एक निरभ्र दिवसांचा व एक ढगाळ दिवसांचा. त्यावर घंटेची रेषा बसवणाऱ्याने, जेथे दिवस सर्वांत कमी तेथे ते सर्वांत जास्त आहेत असे लिहून दिल्यासारखे होते.

आता पावसाकडे वळू, आणि येथेही प्रथम शून्य भेटते. देशावरच्या एखाद्या तालुक्याच्या गावी वर्षातील बहुतेक दिवस कोरडे; ते शून्यांचे ढीग कोणत्याही सलग वक्ररेषेत मावत नाहीत. म्हणून हिशेब दोन पायऱ्यांनी करतात: आज पाऊस पडेल की नाही ही पहिली, आणि पडलाच तर किती ही दुसरी, दुसरीसाठी गॅमा वितरण पुष्कळ ठिकाणी चांगले उतरते. परंतु जुन्या वह्यांत शून्य आणि आडवी रेघ यांच्यात फरक असे. शून्य म्हणजे मापक पाहिला, पाणी नव्हते. रेघ म्हणजे मापक पाहिलाच नाही. या वह्या पुढे संगणकात उतरवताना कित्येक ठिकाणी रेघांची शून्ये झाली, आणि सुटीच्या दिवशी पाऊस कमी पडतो असा चमत्कारिक नियम मला एकदा एका दप्तरात सापडला. शिवाय आपल्याकडे चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात, म्हणून पहाटे सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेली एक अखंड वृष्टी दोन तारखांवर विभागली जाऊन दोन बेताचे पाऊस म्हणून दाखल होते.

माझ्या व्याख्यानातील सर्वांत जड भाग आता येतो. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेने चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला. त्याच चोवीस तासांत कुलाब्याला सुमारे ७३ मिलिमीटर नोंदला गेला. एकाच शहरातील दोन मापक, अंतर काही मैलांचे, आणि आकडे बारापटीहून अधिक वेगळे. शहराची जुनी पर्जन्यजलवाहिनी, ओहोटी असताना, ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेईल अशा बेताने बांधलेली होती. त्या दिवशी जे झाले ते येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी कमरेइतक्या पाण्यातून चालताना पाहिले आहे, आणि काहींनी त्यात आपली माणसे गमावली आहेत.

असा पाऊस संभवनीय होता का, हा प्रश्न वितरणालाच विचारावा लागतो. अभियंत्यांची रीत अशी की, प्रत्येक वर्षातील सर्वांत मोठ्या एका दिवसाचा पाऊस घ्यावा आणि त्या वार्षिक कमालमूल्यांना गुम्बेल वितरण बसवावे. एमिल गुम्बेल हे १८९१ साली म्युनिकला जन्मलेले जर्मन गणिती. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत झालेल्या राजकीय खुनांची त्यांनी एकेक करून गणती केली आणि त्यांतील कित्येक खुनांबद्दल कोणाला शिक्षाच झाली नाही हे आकड्यांनिशी जगापुढे मांडले. त्यापायी हायडेलबर्गचे अध्यापकपद त्यांना गमवावे लागले, आधी फ्रान्सचा आणि मग अमेरिकेचा आश्रय घ्यावा लागला, आणि तेथे १९५८ साली टोकाच्या मूल्यांच्या संख्याशास्त्रावरील त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या गोष्टींकडे बहुसंख्य लोक अपवाद म्हणून पाठ फिरवतात त्यांची इमानाने नोंद ठेवणे, हे त्यांच्या दोन्ही कार्यांतील एकच व्रत होते, असे मला वाटते.

एका कल्पित ठिकाणी वर्षातील सर्वांत मोठ्या पावसाची सरासरी २०० मिलिमीटर आणि विचलन ६० मिलिमीटर आहे असे समजा, आणि गुम्बेलच्या रेषेस ९४४ मिलिमीटरविषयी विचारा. ती सांगते, सुमारे १ कोटी ४० लाख वर्षांतून एकदा. इतक्या वर्षांपूर्वी मानव नव्हता, आजची मुंबई तर नव्हतीच. असे उत्तर आले की दोनच निष्कर्ष संभवतात: आपल्या हयातीत एक अघटित घडले, किंवा आपली रेषा खोटी आहे. पहिला निष्कर्ष मनाला सोयीचा असतो, कारण त्याने कोणाकडेच दोष येत नाही. माझी निष्ठा दुसऱ्याशी आहे. फिशर आणि टिपेट यांनीच दाखवून दिले होते की, टोकाच्या मूल्यांची कुळे तीन आहेत. गुम्बेलचे शेपूट झपाट्याने बारीक होत जाते, तर मॉरिस फ्रेशे यांच्या नावाने ओळखले जाणारे कूळ दांडग्या शेपटाचे आहे. तीस-चाळीस वर्षांच्या तुटपुंज्या नोंदीत ही दोन शेपटे एकमेकांपासून ओळखू येत नाहीत. मधल्या भागात दोन्ही रेषा सारख्याच सुबक बसतात, आणि नेमके जेथे शहराचे जीवित अवलंबून आहे तेथे त्या दोघींची उत्तरे कोट्यवधी वर्षे आणि काही हजार वर्षे इतकी दूर जातात. २०१३ साली जगभरातील पंधरा हजारांहून अधिक पर्जन्यनोंदी एकत्र तपासणाऱ्या एका अभ्यासात असे आढळले की, नोंद जितकी लांब, तितका कौल दांडग्या शेपटाकडे झुकतो. कौल मिळाला तो अशा रीतीने, पुष्कळ ठिकाणची साक्ष एकत्र केल्यानंतर. एकट्या सांताक्रूझच्या वहीला तो देता आला नसता.

याला जोडून ‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगाविषयी बोलतो, कारण त्याने आपल्या कचेऱ्यांतून फार अनर्थ केला आहे. त्याचा अर्थ एवढाच की, कोणत्याही एका वर्षी तो येण्याचा संभव शंभरात एक. असा पूर एका अभियंत्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत निदान एकदा येण्याचा संभव शेकडा २६ असतो, आणि शंभर वर्षांत शेकडा ६३. गेल्या वर्षी येऊन गेला म्हणून पुढली नव्याण्णव वर्षे सनद मिळत नाही. ओढ्याच्या पात्रात घरे बांधण्याची परवानगी देणाऱ्या कागदावर हा दुसरा आकडा छापला पाहिजे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

पण या साऱ्या हिशेबाखाली एक गृहीत आहे: मागची शंभर वर्षे आणि पुढची शंभर वर्षे एकाच पोत्यातून निघतात. ते गृहीत आता उरलेले नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतील बी. एन. गोस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मध्य भारताच्या १९५१ ते २००० या पन्नास वर्षांच्या दैनंदिन पावसाची तपासणी करून दाखवले की, शंभर मिलिमीटरवरच्या मुसळधार दिवसांची संख्या वाढली, मध्यम पावसाच्या दिवसांची घटली, आणि हंगामाची सरासरी मात्र जवळजवळ होती तेथेच राहिली. सरासरी पाहणाऱ्याला काहीच घडलेले दिसले नसते. वितरणाचा आकार आतून बदलला होता, एका पारड्यातले उचलून दुसऱ्या पारड्यात टाकावे आणि काटा स्थिर राहावा, तसा. म्हणून माझ्या हाताखालच्या तरुणांना मी जुन्या प्राचलांवर समाधान मानू देत नाही; प्राचलच काळानुसार सरकतात असे धरून रेषा बसवावी लागते, आणि त्यात अनिश्चितता वाढते ती कबूल करून अहवालात लिहावी लागते.

शेवटी महसूल मंडळांतील पर्जन्यमापकांविषयी. आपल्या राज्यात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस मंडळात नोंदला गेला की अतिवृष्टी मानून पंचनाम्याचा विचार होतो. महाडला असा दिवस पावसाळ्यात पुनःपुन्हा येतो आणि भात त्यावरच वाढते. बीडला तो आला तर उभे पीक आडवे होते. एकच आकडा दोन ठिकाणी दोन वेगळ्या संभाव्यतांचे नाव आहे. १९९३ साली अमेरिकेतील कोलोरॅडोच्या अभ्यासकांनी प्रत्येक ठिकाणच्या पावसाला त्याचे त्याचे गॅमा वितरण बसवून सर्वांना एका समान मापावर आणण्याची जी युक्ती मांडली, तिचा स्वीकार आपल्या केंद्र शासनाच्या दुष्काळ-व्यवस्थापनाच्या नियमपुस्तिकेतही झाला आहे. अतिवृष्टीच्या निकषाला ती लावण्यास गणिताची कोणतीही अडचण नाही.

परंतु तो निकष लावण्याआधीही, मंडळातील स्वयंचलित केंद्राने पाठवलेला आकडा उघडून पाहावा लागेल. गेल्या पावसाळ्यात मराठवाड्यातील एका मंडळाची नोंद माझ्यापुढे आली. भोवतालच्या चारही मंडळांत सत्तर-ऐंशी मिलिमीटर पाऊस, आणि मध्ये या एका मंडळात शून्य. संगणकाने ते शून्य मुकाट्याने स्वीकारले होते, दोन पायऱ्यांच्या हिशेबातील पहिल्या पायरीवर कोरडा दिवस म्हणून त्याची जमाही झाली होती, आणि त्या मंडळातील शेतकऱ्यांचे अर्ज त्याच आधारावर थांबले होते. मी तेथील तरुण कर्मचाऱ्याला दूरध्वनी करून शिडी लावून वर चढायला सांगितले. नरसाळ्यात सुगरणीच्या काड्या आणि लिंबाचा पाला दाटून बसला होता, आणि त्याच्या वर सकाळपर्यंत वीतभर पाणी साचून होते.